डब्यावरची लाल ओळ

कर्जत (जि. नगर), १२ ऑक्टोबर

चि. मधुवंतीस,

आई गेल्यावर तू घेतलेला नवा फोन नंबर माझ्याकडे नाही, आणि तो मागायचा नाही हेही मला कळतं. आईच्या तेराव्याला तू कळवलं होतंस, काही सांगायचं असलं तर लिहून पाठवा, जमेल तेव्हा वाचेन. म्हणून लिहितो आहे. स्टँडजवळ आरतीचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. माझीच विद्यार्थिनी, अख्ख्या वर्गात एकही कविता पाठ न केलेली. मी कागदावर लिहितो, ती मोबाईलवर फोटो काढून तुझ्या ईमेलवर धाडते. "सर, मी वाचत नाही हां," असं म्हणते. वाचते.

मंगळवारी तुझ्या आणि कल्याणरावांच्या पत्त्यावर पार्सल टाकलं आहे. फराळ नाही. दुखवट्याचं वर्ष, घरात कढई चढवायची नाही, एवढं मी पाळतो. पण दिवाळीला नातवाकडे इथलं काहीच जाऊ नये हे मनाला पटेना. म्हणून छबूबाईंनी त्यांच्या घरी तीन जिन्नस करून आणले: जवसाची चटणी, थालिपिठाची भाजणी आणि काळा मसाला. छबूबाई तुला आठवत असतील. पूर्वी आपल्याकडे भांडी घासायला येत. आई गेल्यापासून माझं भाकरीकालवणही त्याच बघतात.

डब्यांवरच्या चिठ्ठ्या मात्र माझ्या. तीन आठवडे लागले. हसू नकोस. छबूबाईंना समोर बसवून कशात काय पडलं ते एकेक विचारलं आणि मग माझी जुनी वही काढली. तू इंग्लंडला गेलीस तेव्हा पहिला रकाना आखला होता, अमेरिकेला गेलीस तेव्हा दुसरा, आता कॅनडाचा तिसरा. तुमच्या कॅनडाने मला फार दमवलं. अर्धी नावं इंग्रजांची धरतो, अर्धी अमेरिकेची. आपल्या शाळेत जी लेडीज फिंगर, ती तिकडे ओक्रा. इंग्लंडात कोथिंबीर म्हणजे कोरिअँडर, तुमच्याकडे सिलँट्रो, आणि धने मात्र पुन्हा कोरिअँडर. जवसाला मी आधी लिनसीड लिहिलं होतं, इंग्रजांप्रमाणे. खोडून फ्लॅक्ससीड केलं. बेसनाला ग्रॅम फ्लोअर लिहावं की चिकपी फ्लोअर, यात एक अख्खी दुपार गेली.

ते कडवं आठवतं का? तू अमेरिकेतून पहिलं पत्र लिहिलंस, दुकानात वांगं कसं मागावं ते कळेना म्हणून, तेव्हा मी रचलं होतं:

शाळेत आमुच्या ब्रिंजल होते, विलायतेला ऑबर्जिन,
अमेरिकेला एगप्लँट झाले, वांगे तेच, नाव नवीन.

बत्तीस वर्षं फळ्यासमोर उभा राहिलो. पोरं बाकांवर ताल धरून कविता म्हणायची, खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. माझ्या स्वतःच्या ओळींना मात्र तो मान कधी मिळाला नाही. भेंडीचं कडवं केलं, कोथिंबिरीचं केलं. भुईमुगाचं अर्ध्यावर सोडलं.

प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी लाल शाईने लिहिलं आहे, यात शेंगदाणा नाही. तिन्ही देशांत समजेल अशा शब्दांत. सहा वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तुम्ही इथे आला होतात, गंधार तीन वर्षांचा होता, एका दाण्याने त्याचा चेहरा सुजून डोळे मिटले होते, ते मी विसरलेलो नाही. तेव्हा तुझ्या आईच्या हातून जे झालं, ते माझ्या अक्षराच्या डब्यातून होणार नाही, एवढं लिहिण्यासाठी हे पत्र.

निर्धास्तपणे उघड.

तुझा,
नाना


कर्जत, १४ ऑक्टोबर

चि. मधुवंतीस,

परवाच्या पत्राला उत्तर नाही, ते यावं अशी अपेक्षाही नव्हती. पण हे वाचलंस तर लगेच दोन शब्द लिही. पार्सल उघडू नकोस.

जवसाच्या चटणीला खवट वास येतो आहे. छबूबाईंकडे थोडी उरली होती, ती त्यांनी काल भाकरीबरोबर वाढली, तेव्हा लक्षात आलं. तेल जुनं असावं. नऊ वर्षांच्या मुलाच्या पोटाला ते बरं नव्हे. चटणी टाकून दे. चटणीच कशाला, तिन्ही डबे टाक. कालवायलाही घेऊ नकोस, डब्याचं झाकण तुझ्या स्वयंपाकघरात उघडूच नकोस, आणि उघडलंस तर हात साबणाने धू.

आरती विचारत होती, "सर, खवट चटणीसाठी हात कशाला धुवायचे?"

तिला म्हटलं, तू फोटो काढ.

पार्सल कुठवर पोचलं ते तिच्या कॉम्प्युटरवर दिसतं. काल रात्री टोरांटोत उतरलं आहे. आज सकाळपासून मी तीन वेळा दुकानात आलो. तिसऱ्या वेळी तिने स्टूल पंख्याखाली सरकवलं आणि म्हणाली, "सर, बसा आधी." पूर्वी परीक्षेच्या दिवशी पोरं अशीच घाबरायची. मी त्यांना मनात कविता म्हणायला सांगायचो, तालावर श्वास येतो. आज मीही म्हणून पाहिली. दुसऱ्या कडव्याची सुरुवात आठवेना. पहिल्यापासून चार वेळा म्हटली, चारही वेळा तिथेच अडलो.

दोन शब्द पुरेत. 'डबे टाकले.'

नाना


कर्जत, १६ ऑक्टोबर, सकाळी अकरा

मधु,

तुझं उत्तर आत्ता आरतीने वाचून दाखवलं. ते असं:

"नाना, पार्सल आलं. चटणी हुंगून बघितली, खवट अजिबात नाही, उगाच काळजी करता. चिठ्ठ्या बघून बरं वाटलं. आईच्या हातचं असतं तर खरं सांगते, उघडलंही नसतं. पण तुम्ही लिहिलंय म्हणजे प्रश्न नाही. उद्या सकाळी कल्याणच्या मित्राच्या तळ्याकाठच्या घरी चाललोय, चार दिवस. तिथे नेट नसतं. डबे बरोबर नेतेय, थालिपीठ-चटणी सगळ्यांना घालीन. गंधारला म्हटलंय, या वेळी तुलाही चालेल."

हे ऐकून मी स्टुलावरून उठलो आणि पुन्हा बसलो. तुझी 'उद्या सकाळ' म्हणजे आमची आज संध्याकाळ. तू आत्ता झोपलेली असशील. उठल्यावर, निघण्याआधी एकदा ईमेल बघ. कसंही करून बघ.

चटणी खवट नाही. ते मी खोटं लिहिलं. चटणीत शेंगदाण्याचं कूट आहे.

सोमवारी भाकरीबरोबर चटणी खाताना दाताखाली अर्धा दाणा आला. मग छबूबाईंना हाक मारली, म्हटलं, यात दाणे आहेत?

"दाने कुठं, कूट हाय."

"मी एकेक विचारून लिहून घेतलं होतं. कूट का नाही सांगितलंत?"

"कूट घातलं का म्हनून कुनी इचारतं व्हय गुरुजी? मीठ घातलं म्हनून तरी मी कुठं सांगितलं? तुमी ते बी न्हाई लिहिलं."

खरंच आहे. मिठाचंही नाव चिठ्ठीवर नाही. आपल्याकडे भाजीत कूट, आमटीत कूट, कोशिंबिरीत कूट. ते पडतं ते कुणाला दिसत नाही. भाजणीचं धान्य छबूबाईंनी दाणे भाजतात त्याच कढईत भाजून गिरणीतून दळून आणलं, मसाला मिक्सरमध्ये केला, त्याच मिक्सरमध्ये रोजचं कूट होतं. म्हणजे तिन्ही डबे तसेच.

मधु, हा सगळा छबूबाईंचा निष्काळजीपणा आहे. अडाणी बाई, तिला काय कळणार. मी विश्वास ठेवला हीच माझी चूक.

आरती ईमेलच्या वर मोठ्या अक्षरांत 'चटणी खाऊ नका' असं लिहिणार आहे आणि हे एकच पत्र पाच वेळा धाडणार आहे. नाशिकला कल्याणरावांच्या भावाला फोन केला. तो म्हणाला, निरोप टाकतो, पण तिकडे मध्यरात्र आहे, फोन बंद दाखवतोय.

गंधारचं ॲलर्जीवरचं इंजेक्शनचं पेन बरोबर घे. दोन घे. तळ्यापासून दवाखाना किती लांब आहे?

नाना


कर्जत, १८ ऑक्टोबर

मधु,

दोन दिवस झाले. तुझं उत्तर नाही. नाशिकहून उत्तर नाही. निरोपाला एकच खूण दिसते म्हणतात, पोचल्याची नाही. म्हणजे तुम्ही न बघता निघालात.

आज धनत्रयोदशी. समोरच्या घरी दुपारपासून आकाशकंदील बांधताहेत. मी ओट्यासमोर पाटावर बसून लिहितो आहे. तुमच्याकडे पहाट होत असेल. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणेल, थालिपीठं लावू या.

काल छबूबाईंनी मला विचारलं, "गुरुजी, पोरीला काय कळवलंत?" त्या हातातली भाकरी परातीत थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माज्यावर घातलं असंल. घाला. माजं काय जातंय. काकूंवर बी घातलंच की तुमी."

काकू म्हणजे तुझी आई. मी विचारलं, विजया तुम्हाला काही बोलली होती का.

"काकू कवा बोलल्या कुनाला? पर तुमचा सदरा मीच पिळत हुते त्या दिवशी. टरफल त्यांच्या हातात हुतं. मी बगितलं."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. मी उठून बाहेर गेलो.

मधु, आता लिहितो ते आरतीही वाचेल. वाचू दे.

सहा वर्षांपूर्वी गंधारला दाणा तुझ्या आईने दिला नव्हता. मी दिला.

त्या सकाळी मी त्याला कारभारींच्या शेतावर नेलं. माझा जुना दोस्त, त्याच्याकडे भुईमुगाची काढणी चालली होती. बायका ओळीने बसून वेलांच्या शेंगा तोडत होत्या. ओल्या शेंगांचा, मातीचा वास. पोरगा मातीत बसला, हसला, आणि मला वाटलं, हा आपला आहे. ज्या मातीत याचे चार पिढ्यांचे पूर्वज दाणे खाऊन वाढले, त्या मातीचा दाणा याला बाधेल कसा? तू दिलेली यादी मी वाचली होती. नीट समजली होती. मी इंग्रजी शिकवणारा माणूस, मला न समजायला काय झालं? मला वाटलं, हे तिकडचं खूळ आहे, डॉक्टरांनी घातलेली भीती आहे. एक दाणा खाऊ दे, जाईल.

शेंग फोडून दाणा त्याच्या पुढे धरला. त्याने तोंड फिरवलं. बोट हलवून म्हणाला, "नो. पीनट नो. ममा म्हणते नो."

तीन वर्षांचं पोर. धडा पाठ होता त्याचा.

मी म्हणालो, "राजा, हा पीनट नाही. हा ग्राउंडनट आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. आजोबा शिकवतात, आजोबांना नावं येतात. त्याने ते नाव माझ्यामागून म्हटलं आणि तोंड उघडलं.

मधु, मी त्याला फसवलं ते विद्येने. दोन देशांत एका दाण्याची दोन नावं आहेत, हे मला माहीत होतं आणि त्याला नव्हतं, एवढंच माझं भांडवल. ते कडवं मी अर्धं का सोडलं, ते आता तुला कळेल.

बांधावरून घरी येईतो त्याचे ओठ सुजले होते. दारात शिरताना तो खरखरीत श्वास घेत होता. तू पर्समधून पेन काढून त्याच्या मांडीत टोचलंस, तेव्हा मी दाराला धरून उभा होतो. तू स्वयंपाकघरात धावलीस, ओट्यावर कुटाचा डबा उघडा होता, झाकण बाजूला. आईने सकाळी आमच्या दोघांच्या भाजीसाठी काढला होता, गंधारचं वेगळं शिजवलं होतं. तू तिच्याकडे बघितलंस. ती म्हणाली, "मी नाही गं दिलं." तू म्हणालीस, "मग कुणी दिलं?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. गाडी आली, नगरच्या दवाखान्यात गेलो, तुम्ही तीन दिवस तिथे होतात. तीन दिवसांत मला रोज बोलता आलं असतं. रोज वाटायचं, पोर बरं झालं की बोलू. पोर बरं झालं आणि तू थेट विमानतळावर गेलीस.

चौथ्या दिवशी विजयाने माझा सदरा भिजवला. टरफल तिला सापडलं. संध्याकाळी ताट वाढताना ती एवढंच म्हणाली, "धुवायला टाकण्याआधी खिसे बघत जा." नंतर साडेपाच वर्षं त्या विषयावर एक शब्द नाही. पण त्या दिवसापासून तिने घरात दाणा आणला नाही. भाजी बिनकुटाची, एकादशीची खिचडी बिनकुटाची. शेजारणी हसायच्या. पोरगी आलीच कधी अचानक तर घर स्वच्छ असावं, असं ती त्यांना सांगायची. तू आली नाहीस. तू तिच्याशी फोनवर बोलत नव्हतीस, माझ्याशी बोलायचीस. ती स्वयंपाकघरात उभी राहून माझं बोलणं ऐकायची. फोन ठेवला की विचारायची, गंधार काय म्हणतो.

शेवटच्या आठवड्यात मी तिला म्हणालो, मधुला लिहितो, सगळं लिहितो. तिने मान हलवली. हो की नाही, ते मला कळलं नाही. मला सोयीचं ते मी धरलं.

छबूबाईंना मी शेंगदाण्याबद्दल आधी काहीच का सांगितलं नाही, ते आता विचारू नकोस. सांगितलं असतं तर गोष्ट निघाली असती. गोष्ट निघू नये म्हणून डबे कुणाकडे जाणार तेही सांगितलं नाही, फक्त काय काय घातलं ते विचारलं, आणि खाली लाल शाईने खात्री लिहून दिली. विजया गेल्यावरही हे घर बिनकुटाचंच आहे असं मी धरून चाललो. कढई मात्र दुखवट्यामुळे छबूबाईंच्या घरी चढली होती.

तू चिठ्ठीवर विश्वास ठेवलास, कारण अक्षर माझं आहे. आईच्या हातचं उघडलं नसतं म्हणालीस. उघडायचं होतं ते तिच्या हातचं. टाकायचं होतं ते माझ्या हातचं.

हे पत्र तुला त्याच्या आधी मिळेल की नंतर, मला माहीत नाही. मला लिहिता येत नाही पुढे. बाहेर पोरं फटाके लावताहेत, प्रत्येक आवाजाला मी दाराकडे बघतो, जणू कुणी बातमी घेऊन येणार आहे.

शामकांत


कर्जत, २१ ऑक्टोबर

मधु,

हे पत्र आरतीकडे देणार नाही. वहीतच राहील, नावांच्या रकान्यांमागे.

आज लक्ष्मीपूजन. आरतीचं दुकान बंद, पण ती सकाळी स्कूटीवर घरी आली. हेल्मेट काढायच्या आधी म्हणाली, "सर, बरा आहे." तिला सगळं माहीत आहे. तिने माझ्याकडे नीट बघितलं नाही, एरवी ती 'सर' म्हणताना हसते, तशी हसली नाही. मग मोबाईलवरचं वाचून दाखवलं. तुझ्या पत्राला वर 'नाना' नाही.

"गंधार बरा आहे. त्याने चटणी खाल्ली नाही. मी चिठ्ठी दाखवली, लाल ओळ वाचून दाखवली. तो म्हणाला, नानांनी दिलेलं मी खात नाही. तीन वर्षांचा होता तेव्हापासून तो हे म्हणतो. तुम्ही पाठवलेली गोळ्यांची पुडीही त्याने कधी फोडली नाही. मी त्याला हट्टी म्हणायची, एकदा रागावलेही. घरी आल्यावर तुमचं पत्र वाचलं. आईचा एक फोटो पाठवा. ज्यात तुम्ही नाही."

तीन वर्षांचं पोर विसरलं नव्हतं. तुला नाव सांगता आलं नसेल, आजोबांनी शिकवलेलं ते नवं नाव. पण चेहरा लक्षात होता. सहा वर्षं तुमच्या घरात खरं काय ते त्याला एकट्याला ठाऊक, आणि ते तो न खाऊन सांगत राहिला. त्या न खाण्याने तो वाचला. मी लिहिलेल्या एकाही शब्दाने नाही.

दुपारभर अल्बम काढून बसलो. लग्नातला, तुझ्या बारशाचा, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा, तुला विमानतळावर सोडतानाचा. सगळ्यांत मी तिच्या शेजारी, थोडा पुढे. तिला एकटीला उभं करून फोटो काढावा, असं मला एकदाही सुचलं नव्हतं. कात्री हातात घेतली. ठेवली. अर्धा कापलेला खांदा तुला दिसला असता.

छबूबाई पणती घेऊन आल्या होत्या. एकच पणती, दुखवट्याच्या घरापुरती. मी त्यांच्यासमोर हात जोडले. म्हटलं, तुमच्यावर ढकललं मी, चुकलो. त्या म्हणाल्या, "माजं राहू द्या. पोराचं काय?" बरा आहे म्हटलं. त्यांनी पणती उंबऱ्यावर ठेवली आणि पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, "काकूंचा फोटू आरतीकडं असंल. दवाखान्याच्या कार्डासाठी गेल्ता की तुमी दोघं. तिनं एकटीचाच काढला हुता."

संध्याकाळी आरतीने दुकानाचं शटर अर्धं उघडलं आणि कॉम्प्युटर लावला. सापडला. पांढऱ्या भिंतीपुढे विजया. केस चापून बसवलेले, कपाळावरचं कुंकू किंचित कलतं, नजर सरळ. फोटो काढताना मी बाहेर खुर्चीवर बसून पेपर वाचत होतो, ते मला आठवलं.

आरतीने तुझा पत्ता टाकला. फोटो जोडला. मग बोटं थांबवून विचारलं, "सर, खाली काही लिहायचं का? नाव, काहीतरी?"

आयुष्यभर प्रत्येक गोष्टीखाली मी काहीतरी लिहीत आलो.

"नको," म्हणालो. "तिला ओळखते ती."